मॅपलच्या पानांची चॉकलेटं

वूस्टर, ओहायो
१ नोव्हेंबर १९८२

ती. विल्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. काल हॅलोवीन झाला. शिकागोकडे औषधात विष सापडल्यापासून इथे सगळे धास्तावलेत. घरी केलेलं काही मुलांना देऊ नका, असं चर्चमध्येही सांगितलं होतं. पण गल्लीतली पोरं खाऊ मागायला दरवर्षी आधी माझ्याच दारी येतात. मी नेहमीसारखं चॉकलेट वितळवलं, मॅपलच्या पानांच्या साच्यात ओतलं, कडांना केशरी रंग देऊन काड्या लावल्या.

समोरच्या डार्लीनच्या टॉबीने एक पान दारातच फस्त केलं. झोपायच्या वेळेला त्याच्या पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या. अँब्युलन्स आली. आज सकाळी पोलीस उरलेली पानं, साचे, रंगाची बाटली, सगळं पिशव्यांत भरून घेऊन गेले. सगळी गल्ली खिडक्यांत उभी होती. टॉबीची चौकशी करायला गेले तर डार्लीनच्या नवऱ्याने दारच उघडलं नाही. परत या पायरीवर येऊ नका, असं आतूनच म्हणाला.

ताई, मी वावगं काही घातलं नाही गं. तरी सारखं मनात येतं, भांडं नीट विसळलं होतं ना?

तुझी मायेला भुकेलेली,
अर्लीन

बँगोर, मेन
५ नोव्हेंबर

चि. अर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या हातचा करपलेला भोपळ्याचा केक खाऊनही मी जिवंत आहे, तेव्हा तुझ्या हातात विष नाही हे मी शपथेवर सांगेन. पण खरं सांगू? डार्लीनच्या घरात मी असते, तर मीही दार उघडलं नसतं. रागावू नकोस. पडदे मात्र उघडे ठेव आणि रोज बाहेर पड. टॉबीचं कळलं की लगेच कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

आशीर्वाद पाठीशी आहेतच.
विल्मा

वूस्टर
१३ नोव्हेंबर

ती. विल्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

टॉबी वाचला. त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. पानांत काही सापडलं नाही, पोलिसांनी साचेही परत केले. तरी वाटेत भेटणाऱ्या बायका घाईत असल्यासारख्या निघून जायच्या.

काल डार्लीन आली. बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहिली. टॉबी पान मागतोय, पण माझा धीर होत नाही, म्हणाली. मग खाली बघत विचारलं, की माझ्यासमोर कराल का.

मी केलं. ती कोटही न काढता माझ्या हातांकडे बघत होती. वाफेचा थेंब पडून चॉकलेटच्या एकदम गुठळ्या झाल्या, तशी ती दचकून मागे सरली. मी ते टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. राग आला होता, ताई. पण तिचे डोळे रडून सुजलेले होते.

पानं घट्ट झाल्यावर पहिलं मी खाल्लं. मग तिने एकाचं टोक मोडून तोंडात टाकलं आणि कितीतरी वेळ घोळवलं. शेवटी टॉबीसाठी एक मागितलं. मी कागदात गुंडाळायला लागले, तर नको म्हणाली.

रस्ता ओलांडताना तिने ते काडीला धरून उंच ठेवलं होतं, सगळ्या खिडक्यांना दिसेल असं.

तुझा जीव आता भांड्यात पडू दे, आणि माया अशीच असू दे.
अर्लीन