जांभळीचा कपडा

११ डिसेंबर २००३

आज जांभळीचा पट्टा मागावरून उतरवला. खांदे भरून आले. आपल्या पोरीसाठी विणावं अन् पहाडावरच्या मोठाल्याईच्या पोरीसाठी विणावं, यात शेळी अन् हत्तीचा फरक. पोरीचे दुधाचे दात अजून पडले नाहीत, अन् आमच्या पोराच्या, संजीवच्या, दुप्पट उंच. यंदाचा पट्टा मागच्या सालच्याले जोडला की कपडा खांद्यापासून पोटरीपर्यंत येईन.

काम बरं झालं. मी केलं म्हणजे बरंच होणार. पण शेवटी दरसालची तीच कटकट — एक टोक उघडं सोडायचं, सुतं तशीच लोंबत. अरे, साडीच्या पदराले आपण पीळ देतो, गाठी मारतो, तवा कुठी ती साडी दिसते. हे म्हणजे अर्धी वेणी घालून बाजारात गेल्यासारखं. लोक म्हणतील, गोदावरीबाईचे डोळे गेले.

सून शालू म्हणते, "राहू द्या ना माय. आजीनं सांगून ठेवलं आहे ना, मोठाल्याईच्या कपड्याले गाठ नोको म्हणून."

सांगून ठेवलं, हाव. पण काहून, ते कुठी सांगतलं? आनंदाबाई म्हणजे माही सासू. तिले 'काहून' विचारलं की दोन दिवस बोलायची नाही. अन् मोठाल्याईले विचारावं तर त्याईचं उत्तर पुढच्या वर्षी! आज विचारलं अन् आजच सांगतलं, म्हणजे त्यानं प्रश्न ऐकलाच नाही, असं त्याईच्यात मानतात.

१२ डिसेंबर

सुनेले मोठाल्याईचं भारी नवल. तिचं माहेर भंडाऱ्याचं — पितळी भांड्याची दुकानं अन् ऑटोची पों पों. तिथून पहाडच दिसत नाही तर मोठाले काय दिसतील. सुताच्या कांड्या भरता भरता विचारत बसली.

मी सांगतलं — त्याईच्यात नाव आईबाप नाही ठेवत. पोर पहिल्यांदा मुठीत जे धरते, तेच त्याचं नाव. या पोरीच्या मायनं चारोळीची फांदी धरली, ती चारोळी. आपल्या घराच्या कवेलूच्या छपरावरून पलीकडची गल्ली दिसते त्या बाईले, अन् नाव चारोळी! म्हातारा आहे तो डिंक. पोरीनं जांभळाची डहाळी धरली, ती जांभळी. अन् ज्याचं नाव घेतलं, त्याले मंग जन्मभर हात लावायचा नाही, त्याच्यापाशी बसायचंही नाही. उपकार एकदाच घ्यावा, म्हणतात. चारोळी त्या झाडाले वळसा घालून जाते. आमच्या अंगणातल्या जांभळापाशी पोरगी गेली होती मागच्या साली, तर मायनं ओढत नेली.

घरं नाहीत त्याईले. थंडीत सगळे गोल बसतात. वारा जिकडून येते तिकडून म्हातारे पाठ करतात, पोरं मधात. घर म्हणजे तेवढंच.

जिल्हा तुटला तवा आमच्या सरपंचानं डिंकले सांगतलं होतं, की पहाडाचा थोडा भाग आता गोंदियाकडे गेला. पुढच्या साली उत्तर आलं — "भेग कुठी पडली, दाखवा." शालू हसून हसून लोळली.

१४ डिसेंबर

गाठी मारल्या. सुरेख दिसते आता.

१९ डिसेंबर

काय लिहू.

आज कपड्याचा दिवस. खळ्यावर धान चुरून झालं की मोठाले खाली येतात, तलावाच्या पाळीचे ढासळलेले दगड बसवून देतात. आपण तांदूळ द्यायचे, कपडा द्यायचा. माह्या सासूच्या सासूपासून असंच चालू आहे. सकाळीच आले सगळे. जमीन हलते त्याईच्या चालण्यानं, भांडी वाजतात. जांभळी मायच्या पायाभोवती फिरत होती.

मी पाळीवर कपडा पसरवला. चारोळी गुडघ्यावर बसली. तिनं काठ पाहला, रंग पाहला, मान हलवली. मंग बोट गाठीपाशी गेलं. एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर, अशी टोकापर्यंत गेली ती. मले वाटलं, आता म्हणते — बाई, यंदा काय सुरेख केलं!

तिनं पोरीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. बस. कपडा पोरीच्या अंगावर टाकला अन् उठली. सगळेच उठले. आणलेला मध तिथंच, तांदूळ तसेच, दगड अर्धे बसवलेले. चालले पहाडाकडे. पोरगी मागं धावली, "माय, माय" करत. एकानंही मागं वळून नाही पाहलं. डिंकनं तेवढं तिले खांद्याले धरून गावाकडे तोंड करून उभं केलं. ती पुन्हा धावली. त्यानं पुन्हा फिरवलं.

आता आमच्या खळ्यावर बसून आहे. रडते तर पाखरं उडतात.

कोणाचं काय चुकलं, एक शब्द तरी सांगायचा! अशी कशी माय?

२० डिसेंबर

डिंक आला. एकटाच. मी रागात होती, काहीच विचारलं नाही. म्हणूनच त्याले सांगता आलं. विचारलं असतं तर वर्षभर थांबावं लागलं असतं.

म्हणाला, "उघडं टोक म्हणजे अजून वाढायचं आहे. गाठ मेलेल्याच्या कपड्याले मारतात. बाई, तुमच्या घरानं आजपर्यंत आमच्या एकाही जित्त्या पोराले गाठ नाही मारली. तुमचा हात आम्ही मानतो. तुम्ही गाठ मारली, म्हणजे पोर गेली."

मी म्हटलं, "मोठबा, ती समोर बसली आहे! खाऊन राहिली!"

"हाव," म्हणाला. "दिसते मले." अन् त्याच्या डोळ्यातून पाणी आलं.

मेलेल्याशी त्याईच्यात बोलत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. मायनं तर पाहायचंही नाही, नाहीतर जीव अडकतो म्हणे. डिंक सर्वात म्हातारा, म्हणून त्याले तेवढी मोकळीक. अन् गाठ ज्यानं मारली, मेलेला त्याच्या दारी राहते.

मंग मी विचारलंच. "अन् मी गाठी सोडल्या तर?"

तो उठला अन् गेला. आता पुढच्या साली.

सुंदर दिसावं म्हणून. बाकी काही नाही, फक्त सुंदर दिसावं म्हणून! माह्या या हौसेले आग लागो.

२१ डिसेंबर

दिवसभर गाठी सोडल्या. माह्याच हाताच्या, ओढून ओढून पक्क्या मारलेल्या. नखं गेली. शालू म्हणाली, "मी सोडू का?" तिच्यावर खेकसली. मंग वाईट वाटलं. तिनं तर सांगतलंच होतं.

सुतं मोकळी झाली पण वाकडीच राहिली. गाठीचा पीळ जात नाही.

४ जानेवारी २००४

थंडी भारी. पोरगी खळ्यावर धानाच्या तणशीच्या ढिगात झोपते. म्हणजे झोपत नाही. सारखी सरकते, पाठीनं काहीतरी शोधते. सांजेले माह्या ध्यानात आलं. ती वाऱ्याच्या बाजूची पाठ शोधून राहिली आहे.

मी घोंगडं घेऊन वाऱ्याच्या बाजूनं जाऊन बसली. माह्यानं काय वारा अडते! पण ती माह्या आडोशाले सरकली, अंग आखडून घेतलं अन् झोपली.

११ जानेवारी

संजीव वरठीवरून आला, कारखान्याले सुट्टी होती. पाहून म्हणते, "माय, किती खाते हे? किती दिवस ठेवशील?" मी म्हटलं, "तुले किती दिवस ठेवला?" ताट ओढून जेवला.

गावातून तांदूळ येते. कोणी मले बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. सांजेले पहाडाच्या कड्यावर चारोळी उभी राहते, पाठ इकडे करून. रोज. पोरगी हाक मारते. तिची पाठ हलते, मान फिरत नाही.

मी बाई आहे. पोर समोर आहे अन् पाहायचं नाही — हे मी केलं तिच्यावर.

२ फेब्रुवारी

आज पोरीनं हाक मारली नाही.

१९ मार्च

तिले हाक कशी मारावी, समजत नाही. जांभळी म्हणता येत नाही, ते नाव गेलं. दुसरं ठेवायचा मले काय हक्क? "अवं" म्हणते मी. तीही मले "अवं" म्हणते. आमच्या दोघींचं एकच नाव झालं.

कांडी भरायले बसली होती आज. बोटापेक्षा कांडी लहान. तीन मोडल्या. मंग माह्याकडे पाहून हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा.

८ जून

जांभळं पिकली. ती झाडापासून दूर उभी राहून पाहत होती, हात मागं बांधून. मी म्हटलं, "अवं, आता कोणतं नाव राहलं तुले? खा."

अर्धं झाड खाल्लं! तोंड, हात, पोट, सगळं जांभळं. तणशीवर पडून पोट धरून कण्हत होती अन् हसत होती. नाव गेल्याचा एवढाच फायदा झाला बिचारीले. मले हसता हसता रडू आलं. शालूनं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, बी अडकली.

२७ जुलै

धानाचे रोवणे सुरू. ट्रॅक्टर चिखलात फसला, तिनं उचलून बांधावर ठेवला. गावातल्या बाया आता घरून तिच्यासाठी भाकर घेऊन येतात.

चिखलात मी घसरते म्हणून माहा हात धरून चालते. माहा हात कोपरापर्यंत तिच्या मुठीत जाते. इतकी मोठी मूठ अन् एवढीशी पकड, की माही एक बांगडी फुटली नाही.

३ ऑक्टोबर

मले पोरगी राहली नाही. संजीवच्या पाठीवर झाली ती आठ दिवसात गेली. इतकी वर्षं लिहिलं नाही ते आज लिहिलं. का लिहिलं माहीत नाही.

सांजेले दारात बसली की ही मागून येऊन हात धरते. मलेही आता तिनं हात धरल्याशिवाय करमत नाही.

२५ नोव्हेंबर

यंदाचा पट्टा उतरवला. टोकाची सुतं हातभर जास्त मोकळी सोडली. गबाळं दिसते. दिसू दे.

१८ डिसेंबर

आले! सकाळी भांडी वाजली अन् माहं काळीजच हललं. सगळे आले. चारोळी सर्वात मागं, पाठ फिरवून.

मी कपडा पसरवला. डिंक खाली बसला. सुतं पाहली, मागच्या साली पिळलेली अन् यंदाची मोकळी. मंग मागच्या सालच्या माह्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "जिनं बांधलं तिनंच सोडलं. पोर आज जन्मली."

आज जन्मली! मी तिथंच पाळीवर बसून गेली.

आज जन्मली म्हणजे नावही आजच. डिंकनं पोरीसमोर मांडलं — गारगोटी, पळसाचं पान, मोहाची डहाळी, धानाची लोंबी. सगळे गोल करून बसले. मी पोरीच्या बाजूलाच, कपडा धरून. पोरगी गांगरली. एवढे लोक, सगळे तिच्याकडेच पाहणारे, वर्षभरानं. डिंक दोनदा खाकरला. तिनं गारगोटीकडे पाहलं, डहाळीकडे पाहलं. अन् रोजच्यासारखा माहा हात धरला.

"गोदावरी," डिंक म्हणाला.

"गोदावरी, गोदावरी," सगळ्याईनं म्हटलं. चारोळी वळली. वर्षभरानं तिनं पोरीचं तोंड पाहलं, अन् असा आवाज काढला की तलावातले बगळे उडाले. पोरीले छातीशी धरलं, हुंगलं, चाटलं, नाव घेतलं, पुन्हा नाव घेतलं. मंग वाकून माह्या हातातून पोरीची बोटं सोडवली. हळू, एक एक करून. माह्याकडे पाहलं तिनं. राग नव्हता. मले वाटलं, उपकार मानते.

माह्या नावाची पोरगी पहाडावर! आज गावभर साखर वाटली.

२० डिसेंबर

शालूनं सकाळी विचारलं, "माय, पुढच्या साली जांभळं पिकली की ती खाईन का आता?"

म्हटलं, खाईन ना. जांभूळ आता चालते तिले.

अन् बोलता बोलता थांबली. जिचं नाव घेतलं, तिले जन्मभर हात लावायचा नाही.

डिंक दोनदा खाकरला होता. मले वाटलं, थंडीनं. हात मागं घ्यायले वेळ होता. मी घेतला नाही. बरं वाटून राहिलं होतं.

आता सांजेले कड्यावरून चारोळीची हाक आली — गोदावरी...! सवयीनं मी "ओ" म्हटलं. शालू कंदील पुसत बसली.