पोंभुर्ण्याच्या यंत्रमानवाचा रामराम

पोंभुर्णा, जि. चांदा
१२ जानेवारी १९५७

तीर्थरूप दादाजीभाऊ यांस मुखरूचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

वहिनींची कंबर आता कशी आहे? (मोहाचं तेल कोमट करून चोळा, डॉक्टरला विचारू नका.) इकडे सगळे खुशाल, फक्त आमच्या रंभाचं जुळत आलेलं लग्न बिनसलं. सोयरीक तुम्हीच सुचवलेली, म्हणून सविस्तर लिहितो.

दोष तुम्ही नागपूरहून धाडलेल्या मासिकाचा. त्यातल्या गोष्टीत यंत्रमानव मालकावरच उलटतो. भाऊ, हे शास्त्राला धरून नाही. धानाच्या गिरणीचं इंजिन मी उगाच सांभाळत नाही. यंत्राला कळणं, ठरवणं आणि करणं एवढी तीनच अंगं लागतात. रुसायचं चौथं अंग अजून कोणी बसवलेलं नाही. हे दाखवायला मी दारात यंत्रमानव उभा केला. धड घासलेटच्या डब्यांचं, डोक्यावर माझा फेटा. दारातल्या, मध्ये टेकू दिलेल्या फळीच्या एका टोकावर पाय पडला की त्याला पाहुणा आल्याचं कळतं. दुसऱ्या टोकावर दगड. कोंबडीच्या भारानं तो उचलला जात नाही, माणसाच्या भारानं उचलला जातो. हे त्याचं ठरवणं. दगड उचलला की दोरी ओढली जाते आणि हात कपाळाला जातो. सारा गाव येऊन रामराम घेऊन गेला. चांदा जिल्ह्यात असा दुसरा नाही, आणि नागपूरबद्दलही मला शंकाच आहे.

मग मुलाचे वडील डोमाजी पाटील बोलणी करायला वरोऱ्याहून आले. कापसाचे एवढे मोठे शेतकरी, पण अंगावर मांस नावाला. फळीवर उभे राहिले. यंत्रमानव ढिम्म. उतरून पुन्हा चढले, तरी ढिम्म. तेवढ्यात मागून आमची म्हैस आली, आणि तिला त्यानं चोख रामराम घातला.

"काऊन मुखरू, म्हशीले रामराम अन् व्याह्याले नाई?" पाटील म्हणाले. मी त्यांना शास्त्र समजावू लागलो. (म्हशीशी तुलना तेवढी टाळायला हवी होती.) ते चहासुद्धा न घेता आपल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसले.

तुम्ही वरोऱ्याला जाऊन त्यांची समजूत घालावी, असं रंभाच्या आईचं म्हणणं आहे.

आपला धाकटा,
मुखरू

ता. क. पत्र रंभाच्या आईला इथपर्यंतच वाचून दाखवलं आहे. वरोऱ्याला जाऊ नका.

आणखी एक ता. क. पाटील गेल्यावर पाहिलं, तर माझ्या दगडाशेजारी दुसरा दगड. रंभाला विचारलं. "मीच ठेवला, बाबा," ती म्हणाली. "यंत्र काई ठरवत नाई, दगड ठेवनारा ठरवते. मले लग्न नाई, कॉलेज पायजे." पाटील अंगानं बारीक आहेत असं तुम्ही पत्रात लिहिलं होतं, तेवढ्यावरून पोरीनं भाराचा हिशेब काढला. मी रागावणार होतो, पण अभिमानच जास्त वाटला. मॅट्रिक झाली की जूनपासून तिला तुमच्याकडे ठेवून सायन्स कॉलेजात घाला. उत्तर गिरणीच्या पत्त्यावर धाडा. रंभाच्या आईला मीच सांगणार आहे, पण आधी तुमचा होकार हातात असला म्हणजे जरा धीर येईल.