'सांता ब्रिहिदा'चा नवा रंग

२ मे
पेपरात वाचलं. कुठल्याशा देशाची युद्धनौका एका तडाख्यात बुडाली. पंप नादुरुस्त, आग विझवायचे होजपाइप गायब, पाणी अडवायची दारं लागेनात. निष्काळजी मेले! अशा आरमारांना महिनाभर आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरिअरच्या हाताखाली ठेवायला हवं. नाहीतर आमची 'सांता ब्रिहिदा' दाखवावी. आरमाराने ही गस्तनौका मोडीत काढली, तेव्हा मी ती आमच्या महिला मंडळासाठी मागून घेतली. माझ्या नवऱ्याने, आबेलार्दोने, तिच्यावर कप्तानी केली होती. दरवर्षी नवा रंग देते. जुन्यावरच.

४ मे
मेयरचा फतवा: आरमार दिनाची लुटुपुटूची, पिठाच्या पिशव्यांची लढाई यंदा जो जिंकेल, नौका त्याची. समोर कोळीवाड्याच्या होड्या, म्होरकी एलसीरा. कॉन्व्हेंटात माझ्या मागच्या बाकावर असायची, बोटं कायम शाईने बरबटलेली. तिला नौकेतून मासळी वाहायची आहे. आबेलार्दोच्या केबिनमध्ये मासळी! माझा जीव गेला तरी हे होऊ देणार नाही.

७ मे
एलसीरा 'सहज' येऊन गेली. नौकेवर टिचकी मारून म्हणाली, ओर्तेन्सिया, आवाज बिस्किटाच्या डब्यासारखा येतोय गं. मी म्हटलं, स्वतःच्या डोक्यावर मारून बघ, कुठला येतो. खोकत खोकत निघून गेली. किंवा हसत होती.

१२ मे
नौकेचं मधलं, पाणी अडवायचं लोखंडी दार लागत नाही. रंगाचे थर बसलेत. बरंच झालं, हवा खेळते. उंबऱ्यात जिरेनियमची कुंडी ठेवली.

१५ मे
फादर उबाल्दो सुकाणू धरणार आहेत. त्यांनी विचारलं, डोन्या ओर्तेन्सिया, पाणी उपसायचा पंप कुठे आहे? माझ्या पियानोवर. पितळेचा आहे, पॉलिश केलाय, पाहुणे थक्क होतात. नौकेवर काळा पडेल. आणि होज? माझ्या डेलियांना. नौकेला पाणी कशाला, भोवती आहेच की.
इंजिनाबद्दल विचारू लागले, तेव्हा मी विषय बदलला. त्याच्या धुराने रंग खराब होतो. कस्टमवाल्यांची लाँच ओढून नेईल.

२० मे
तळाशी एक तपकिरी ठिपका दिसला. बोट लावलं. आत गेलं. ताबडतोब रंगवला. आता मन शांत.

२१ मे, सकाळ
पांढरे हातमोजे घातले. विजयाचं भाषण तोंडपाठ.

२१ मे, संध्याकाळ
शत्रूने आम्हाला एकदाही टिपलं नाही, हे आधी लिहून ठेवते. एलसीराची पिठाची पिशवी पाण्यात पडली. मी हुकूम सोडला, सलामीची तोफ! आमचीच तोफ उडाली, नौका हादरली आणि कालचा ठिपका उघडला. फादर ओरडले, दार लावा! दारात जिरेनियम. मग ओरडले, पंप! मग प्रार्थना म्हणू लागले.
मी केबिनच्या छपरावर उभी. पाणी बुटांपर्यंत. एलसीरा होडीतून ओरडली, ओर्तेन्सिया, पंप कुठाय गं? मी ताठ मानेने सांगितलं, पियानोवर. ती इतकी हसली की दोर फेकताना तिचा नेम दोनदा चुकला.

२२ मे
ओहोटीला डोलकाठी दिसते. रंग कुठेही उडालेला नाही.
एलसीरा पंप न्यायला आली. नौका आता तिची. ती वर काढणार, नवं लोखंड ठोकणार. पंप फिरवून बघितला तर दांडा हातात आला. मी म्हटलं, चकाकी तर बघ. तिने बघितली.
मी एकच अट घातली, आबेलार्दोच्या केबिनमध्ये मासळी ठेवायची नाही. ती म्हणाली, बाई गं, सध्या तिथे मासळीच आहे, तीही जिवंत.
उद्या पाणी उपसायला ये म्हणाली. मी साफ नाही म्हटलं.
बादली दाराशी काढून ठेवली आहे. हातमोजे घालणार नाही.