दोन सुपाऱ्या

कोळवण,
५ ऑगस्ट २०२५

सौ. सुलक्षणा हिस,

नवऱ्याने बायकोला पत्रात नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, ते मला माहीत नाही. नमस्कार लिहिला तर तू हसशील, आणि आशीर्वाद देण्याइतका शहाणा मी कधी झालो नाही हे तुझंच मत. म्हणून दोन्ही अर्धे अर्धे घे.

हे पत्र भाजीच्या पिशवीत तळाशी, दोडक्यांच्या खाली ठेवलं आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण मी फोन केला की तू लगेच स्पीकर लावतेस. मग रोहित विचारतो, बाबा, गोळ्या घेतल्या का. सायली विचारते, बाबा, जेवलात का. अनुष्का आजोबा आजोबा करत फोन चाटते. मुलगा, सून, नात, सगळ्यांशी बोलणं होतं, तुझ्याशी तेवढं राहतं. पत्र मिळालं की फोनवर 'भाजी पोचली' एवढंच म्हण. मी काय ते समजेन.

इकडे सगळं ठीक आहे. भाताची लावणी उरकली. म्हैस बरी आहे, पण धार काढायला बसलो की मान वळवून तुला शोधते आणि पान्हा चोरते. म्हणून मी तुझं जुनं पातळ अंगावर घेऊन बसतो. गंगूबाईने कुंपणावरून ते बघितलं आणि गावभर केलं. करू दे. दूध येतंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मी संध्याकाळी दिवा लावायला लागलोय.

झालं असं, की एकदा तिन्हीसांजेला लाइट गेली. काडेपेटी शोधत देव्हाऱ्यापाशी गेलो. चैत्रात तू देव पितळी डब्यात घालून सूसला रोहितकडे नेलेस. "तुमच्याच्यानं पूजा व्हायची न्हाई, देव उपाशी ऱ्हातील," म्हणालीस, आणि जागा रिकामी नको म्हणून देवाच्या नावाने एक सुपारी ठेवून गेलीस. ते मी विसरूनही गेलो होतो. उजेडापुरतं निरांजन लावलं, भक्ती वगैरे काही नव्हती. पण त्या उजेडात सुपारी दिसली. धूळ बसलेली, एकटीच. तिच्यादेखत भाकरी खाववेना. उठलो, तिला धुतलं, पुसलं, मग जेवलो. दुसऱ्या दिवशी लाइट होती, तरी निरांजन लावलं.

तेव्हापासून चाललंय. पण येत काहीच नाही. गंध आधी की फूल आधी? तुझ्या डब्यात दोन तऱ्हेच्या वाती आहेत, गोल आणि लांब, त्यातली रोजची कुठली? निरांजन विझेपर्यंत उठायचं नाही असा माझा समज होता, त्यापायी एक दिवस भात करपला.

रोहितला सहज म्हणालो, तर त्याने माझ्या फोनवर ध्यानाचं काहीतरी घालून दिलं. त्यात एक बाई म्हणते, श्वासाकडे लक्ष द्या. मी लक्ष दिलं तर श्वासच अडकला. इतकी वर्षं तो आपापला जात-येत होता, माझ्यासारख्या जुन्या कंडक्टरने लक्ष घातलं की बिघडला. ते बंद केलं.

स्तोत्र तर एकही पाठ नाही. आयुष्यभर जे पाठ केलं ते एसटीचे थांबे. म्हणून डोळे मिटून तेच म्हणतो: सूस, नांदे, मुलखेड, घोटवडे, भरे, पौड, करमोळी, चाले, कोळवण. सूसपासून कशाला, असं विचारशील. स्वारगेटहून निघालं तर वाटेत फार गर्दी लागते. सूसहून अशी थेट एसटी नाही हे मला माहीत आहे, पण मनातल्या गाडीला परमिट कोण विचारतो?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मारुतीच्या देवळात सत्यनारायण. यंदा पाळी आपल्या घराची. जोडीने बसायचंय. तू येशीलच, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझा,
कोंडिबा
(आधी 'रोहितचे बाबा' लिहिणार होतो, पण रोहित तिकडे आहे.)


कोळवण,
२० ऑगस्ट २०२५

सौ. सुलक्षणा हिस,

अर्धा नमस्कार, अर्धा आशीर्वाद. अनुष्काचा ताप उतरला हे कळलं, बरं वाटलं. तुला येता आलं नाही यात तुझा काही दोष नाही. सायलीला रजा नाही, रोहित परगावी, तापलेलं लेकरू टाकून तू कशी निघणार? मी रागावलेलो नाही. फोनवर गप्प होतो तो देवळातल्या भोंग्यामुळे.

पूजा छान झाली. शिरा गंगूबाईने केला, थोडा लागला, पण लोकांनी खाल्ला.

एक गोष्ट झाली ती सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कुणी तरी मीठमसाला लावून सांगेल. मी पाटावर बसलो. गुरुजींनी शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि विचारलं, "मंडळी कुठं?" मी सांगितलं. त्यांनी ताटातली एक सुपारी उचलून माझ्या हातात दिली. "ही कंबरेला खोचा. मंडळी नसली की हिला मंडळी समजायचं. तशी सोय आहे."

आता मला काय ठाऊक असं काही असतं? आपल्या घरात पूजेला बसायचं म्हटलं की तू हाताला धरून बसवायचीस. मी खोचली. तेवढ्यात बायकांतून गंगूबाई ओरडली, "आगं बया! कोंडिबा, बायकू जित्ती हाय की रं तुजी! सुपारी तर बायकू मेलेल्याला लावत्यात!"

गुरुजी म्हणाले, "तसं काही नाही आजी, परगावी असली तरी चालतं." पण तोवर सगळं देऊळ माझ्या कंबरेकडे बघायला लागलं होतं. कथेभर मी खाली वाकलो की ती सुपारी पोटाला टोचायची. कथेत काय झालं विचारशील तर मला सांगता येणार नाही.

नोकरीत असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी मी किती भांडलो, तुला माहीत आहे. किती रुमाल उचलून बाहेर फेकले. "रुमालाला तिकीट नाही, माणूस दाखवा!" हे माझं ठरलेलं वाक्य. आणि परवा मी बायकोच्या जागेवर सुपारी घेऊन बसलो. समोर पौडचे दोन जुने ड्रायव्हर बसले होते. एकाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. हसला असता तर बरं झालं असतं.

पुढचं ऐक. पूजा उतरल्यावर ती सुपारी निर्माल्यात टाकायची म्हणतात. माझा हात होईना. कशी टाकू? घरी आणली आणि देव्हाऱ्यात तुझ्या त्या दुसऱ्या सुपारीशेजारी ठेवली. सकाळी दोघींना ताम्हनात एकत्र आंघोळ घातली. पुसून उचलतो तर दोघी सारख्याच. कुठली देव आणि कुठली तू, काही ओळखू येईना. खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघितल्या. मग दोघींना गंध लावलं, दोघींना फूल वाहिलं. आता रोज तसंच करतो. यात देवाचा अपमान होतो की तुझा, ते तूच ठरव.

रोहितचा फोन येऊन गेला. म्हणाला, अनुष्का शाळेत जायला लागेपर्यंत आई इथेच राहील, तुम्हीही शेत कुणाला तरी कसायला द्या आणि इकडे या, एकटे तिथे काय करता? मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. हे त्याने ठरवलं की तू ठरवलंस, तेवढं विचारायचं होतं. पण नंतर वाटलं, देव नेलेस तेव्हाच मला समजायला हवं होतं. चार दिवसांसाठी जाणारी बाई देव घेऊन जात नाही.

माझं एक मागणं आहे. आता मला पूजा जमते. देव परत पाठव. सगळे नको. अन्नपूर्णा तिथे असू दे, सायलीच्या स्वयंपाकघरात. खंडोबाचा टाक तेवढा पाठव.

सध्या हातात फूल घेऊन नुसता बसतो. आधी म्हैस, मोटार, बिबट्या आला का, असलं सगळं डोक्यात यायचं. आता थोडा वेळ काहीच येत नाही. त्याला ध्यान म्हणतात का, माहीत नाही. घरात फार शांत असतं, एवढंच.

तुझा,
कोंडिबा


कोळवण,
२५ ऑक्टोबर २०२५

सुलक्षणा,

आज नमस्कार नाही आणि आशीर्वादही नाही. थेट लिहितो, नाहीतर पुन्हा म्हशीवर जाईन.

दिवाळीला तुमच्याकडे आलो. बघ, 'तुमच्याकडे' लिहून गेलो. सगळ्यांनी छान केलं. सायलीने मला आवडतात म्हणून खास तिखट शेव केली, रोहितने नवे बूट घेतले. सोफ्यावर बसून होतो. तू स्वयंपाकघरातून बाळाकडे, बाळाकडून कपड्यांकडे. दोन दिवसांत आपण दोघंच असे एकदाच होतो, तू बेसिनपाशी देवाची भांडी घासत होतीस तेव्हा. मी पाणी प्यायचं निमित्त करून आलो. तू मागे न बघता हळूच विचारलंस, "सुपाऱ्यांचं कोन बघतंय आज?"

मी म्हणालो, गंगूबाईला सांगून आलोय.

"मदनंमदनं उन्हात ठिवत जावा. न्हाईतर कीड लागती."

एवढंच बोललीस. मी दुसरा पेलाही प्यायलो, पण तेवढ्यात सायली आली.

तुझे देव बघितले. भिंतीवर टांगलेल्या लाकडी खोक्यात, वर विजेचा बारीकसा लाल दिवा. निरांजन लावलं की धुराने आगीची घंटा वाजते म्हणून तो दिवा, असं रोहितने सांगितलं. खंडोबाचा टाक मागे एका कोपऱ्यात होता. रोहितला म्हटलं असतं तर त्याने लगेच खिशात घालून दिला असता. पण मी मागितला नाही. का, ते सांगतो.

दुपारी तू अनुष्काला निजवत होतीस. दार थोडं उघडं होतं. मला वाटलं अंगाई म्हणतेस. कान दिला तर तू म्हणत होतीस, "सूस... नांदे... मुलखेड... घोटवडे... भरे..." भऱ्यापाशी पोरगी झोपली. तुझं थोपटणं थांबलं. मी वळणार, तेवढ्यात तू पुढे म्हणालीस. अगदी बारीक आवाजात, झोपलेल्या पोरीला नाही, स्वतःलाच. पौड. करमोळी. चाले. कोळवण. मग नाक ओढलंस.

मी पॅसेजमध्ये उभा होतो. नवे बूट हातात होते. आत यायला हवं होतं, आलो नाही. आपण दोघं एवढी वर्षं एका घरात राहिलो, पण असल्या वेळी आत कसं जायचं ते मला कधी जमलं नाही.

सुलक्षणा, मला देव नको आहेत. मी देव मागत होतो कारण देव मागायला लाज वाटत नाही. मला तू पाहिजेस. घर खायला उठतं. दिवा लावतो, दोन सुपाऱ्यांना पाणी घालतो, डोळे मिटून गाडी सूसहून काढतो आणि कोळवणला आणतो. रोज दार उघडतो आणि रोज कुणी उतरत नाही. देवधर्म म्हणून हे चाललंय असं मी गंगूबाईला सांगतो. तिला खरं कळलेलं आहे.

सगळं सोडून ये असं म्हणत नाही. पोरांची अडचण मलाही दिसते. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी असते, तेवढे तरी इकडे ये. नाहीतर अनुष्काला घेऊन ये, तिला म्हैस दाखवू. मी रोहितशी बोलेन. स्पीकरवर, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने. तू फक्त नको म्हणू नकोस.

तुळशीचं लग्न आपल्या अंगणात नेहमीसारखं करायचं म्हणून काल गुरुजींना सांगायला गेलो. त्यांनी अगदी सहज विचारलं, "कोंडिबा, सुपारी लागेल ना?"

मी म्हणालो, "नाही. बाई येणार आहे."

बोलून गेलो. आता सगळ्या आळीला ठाऊक झालंय. गंगूबाई ऊस आणून ठेवते म्हणाली.

आज सकाळी वृंदावनासमोर दोन पाट मांडून बघितले. एक माझा. दुसऱ्यावर मी माझा रुमाल टाकून ठेवलाय. ज्यासाठी जन्मभर लोकांशी भांडलो, तेच केलंय.

आता माणूस दाखव.

तुझा,
कोंडिबा