बारावी चाल

३ मार्च, सोमवार

फाटकाला आजही आतून कुलूप! भाजीला जाते म्हटलं तर बाईसाहेबांचा मॅनेजर म्हणतो, "काकू, यादी द्या, आणून देतो." दिली यादी. तो कसल्या भावानं आणतो ते बघून जीव जळतो. पण पैसे त्याचे, माझं काय जातं?

हे एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर झाले. तेव्हा लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. चाळिशीनंतर जिंकलेले डाव हातून निसटायला लागले, आमंत्रणं आटली. आता तयारी करून देतात — दुसऱ्याची. सहा आठवडे ह्या भाड्याच्या बंगल्यात, बाईसाहेबांसाठी. बाईसाहेब म्हणजे तेवीस वर्षांची पोर, पण चालते अशी की बंगला तिच्या आजोबांनी बांधला. तिला कोण शिकवतंय हे बाहेर कळायचं नाही. ह्यांनी करारावर सही केली, मी देवावर हात ठेवला. लेकीलासुद्धा सांगायचं नाही. तीही बाईसाहेबांच्याच स्पर्धेत खेळतेय, नदीपलीकडच्या हॉटेलात उतरलीय. तिला वाटतं आई-बाबा कुठल्या तरी गावी मुलांचं शिबिर घेतायत.

५ मार्च, बुधवार

लेक उपांत्य फेरी जिंकली!! देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले — आणि मग डोक्यात उजेड पडला. अंतिम फेरीत समोर कोण? बाईसाहेब.

६ मार्च, गुरुवार

हे मॅनेजरकडे गेले. "मला मोकळं करा. लेक आहे माझी." दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं.

तो म्हणाला, "सर, करार झाला तेव्हा ती यादीत शेहेचाळिसावी होती. इथवर येईल असं तुम्हाला तरी वाटलं होतं का?"

ह्यांना नव्हतंच वाटलं. मला वाटलं होतं! पण मला कोण विचारतंय.

"आता बाहेर पडलात तर ह्या घरातलं सगळं तुमच्याबरोबर बाहेर पडेल. शेवटपर्यंत थांबावं लागेल."

हे खोलीत आले आणि मोज्यांच्या घड्या घालत बसले. धुतलेले, न धुतलेले, सगळे.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन रोज सातला. मॅनेजर समोर पेपर धरून बसतो. उलटा धरला तरी पत्ता लागायचा नाही त्याला, कान सगळे इकडे.

"आई, शिबिरातली पोरं कशी आहेत ग?"

"गुणी आहेत."

"बाबा ओरडतात का?"

"ओरडतात की!"

किती सुरळीत येतं तोंडातून! देवा, मोजू नकोस.

गच्चीवरून तिचं हॉटेल दिसायचं. कालपासून गच्चीलाही कुलूप.

११ मार्च, मंगळवार

चहा द्यायला गेले तर पटावर लेकीचा बचाव मांडलेला.

मला खेळता येत नाही. मॅट्रिक झालेली बाई मी. पण वीस वर्षं ह्यांचे डाव वहीत उतरवलेत, पट वाचता येतो. काळी बाजू तिची. तोच घोडा, तीच प्यादी. ती दहा वर्षांची असताना ह्यांनीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं होतं तिला हे सगळं. त्यात एक भोक आहे, हेही ह्यांना ठाऊक होतं. "मोठी झाली की बुजवू," म्हणायचे. राहून गेलं.

आज ते भोक ह्यांनी बाईसाहेबांना आणि तिच्या दोन मदतनीसांना दाखवलं! बाराव्या चालीला उंट मरायला द्यायचा. घेतला की खेळ खलास. नाही घेतला तरी खलास, जरा उशिरा.

बाईसाहेब टाळ्या पिटायला लागली. "सर! इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होती ही चाल?"

हे म्हणाले, "घरात."

मॅनेजरनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही चाल फक्त ह्या पाच माणसांना माहीत आहे. बाहेर फुटली तर मला फार शोधावं लागणार नाही."

मी कपबशा गोळा करत होते. मला त्यानं मोजलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

"सांगवलं कसं तुम्हाला?" म्हटलं.

"शब्द दिलाय मी."

"आणि पोरीला काय दिलंत?"

म्हणाले, "खेळ गेला माझा. शब्दसुद्धा घालवू का?"

अंतिम फेरीच्या चार डावांतला पहिला बरोबरीत सुटला. जेवण जाईना.

१४ मार्च, शुक्रवार

तिन्ही डाव बरोबरीत. उद्या सुट्टी, परवा शेवटचा. त्यात लेकीकडे काळी बाजू. उंट राखून ठेवलाय तिच्यासाठी.

देवाशी भांडले आज. म्हटलं, शपथ मोडली तर पाप माझ्या एकटीच्या खात्यावर लिही. पाच जणांत मी नाहीच. माझ्यावर कोण संशय घेतोय!

१५ मार्च, शनिवार

दाढ दुखतेय म्हणून कण्हायला लागले. मॅनेजरनं ड्रायव्हर बरोबर दिला, पण तो गाडीतच बसला. दवाखान्यातल्या नर्सचा फोन मागून घेतला. लेकीचा नंबर तिनंच लावून दिला.

"उद्या बाराव्या चालीला उंट मारायला देतील. बाबा इकडे आहेत, बाईसाहेबांकडे. त्यांनीच शिकवलंय."

ती म्हणाली, "आई, जेवलीस का?"

"अग, मी काय सांगतेय—"

"ऐकलं. जेवून घे."

दाढ खरंच किडलेली निघाली! उपटली डॉक्टरांनी. देवानं उधारी ठेवली नाही.

१६ मार्च, रविवार

तोच बचाव खेळली!!

सांगितलं होतं ना! बारावी चाल — उंट. चाळीस मिनिटं बसून राहिली, टीव्हीच्या पडद्यावर नुसता तिचा कपाळाला टेकवलेला हात. आणि घेतला उंट. सव्विसाव्या चालीला उठून बाईसाहेबांशी हात मिळवला. हरली.

घरात नुसता धिंगाणा. ह्यांना खांद्यावर घ्यायला निघाले सगळे. हे न्हाणीघरात शिरले, नळ सोडून बसले. अर्ध्या तासानं बाहेर आले. "उंट पडला तेव्हा ती दचकली नाही," म्हणाले.

माझ्याकडे बघत होते. मी गाल धरून भिंतीकडे तोंड केलं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी लेकीचा फोन. पहारा नव्हता, सगळे घोरत पडले होते.

"का ग असं केलंस? एवढं सांगून?"

"मी वेगळं खेळले असते, तर त्यांनी कुणाला धरलं असतं, आई?"

पाचांत संशय ह्यांच्यावरच जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग म्हणाली, "बाबांना दे."

दिला फोन.