पान अकराचा प्रोग्राम

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून क्रांती. पाच दिवसांच्या ऑनलाइन वर्कशॉपचं सर्टिफिकेट मेलवर आलं. विषय : कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांना मोटिव्हेट कसं करावं. पाचही दिवस हजर होतो. कॅमेरा बंद होता, पण हजर होतो. त्यातले दोन दिवस बायकोबरोबर कुर्डुवाडीला सासुरवाडीत, मोबाइल खिशात चालू ठेवून.
संकल्प. सेकंड इयरच्या बासष्ट पोरांना प्रोग्रामिंगची गोडी लावणे. चिडायचं नाही. मे महिन्यात पर्मनंट व्हायचं. अकरा वर्षं दर जूनला नवी ऑर्डर घेऊन कंत्राटावर शिकवतोय. आमचे विभागप्रमुख हत्तुरे सर म्हणाले, एप्रिलच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येईल, त्याचा रिपोर्ट थेट तुमच्या फाइलला लागणार. लागू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
लॅबमध्ये सुविचार लावला : ज्याचं जर्नल पूर्ण, त्याचं जीवन पूर्ण. स्वतःला सुचला.
माझी पद्धत साधी आहे. उजव्या पानावर माझ्या नोट्समधला प्रोग्राम पेनाने उतरवायचा. डाव्या पानावर आउटपुट पेन्सिलीने. खाली माझी सही. अकरा वर्षांत एकाही जर्नलमध्ये खाडाखोड नाही. ही शिस्त परदेशात मिळणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
बुद्धप्रिया नावाची मुलगी आहे, शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. तास संपल्यावर आली. म्हणाली, पान अकराचा प्रोग्राम चालत न्हाय सर, यादीत पाच नावं घातली तर एकच दिसतंय. मी सांगितलं, लॅबची मशीनं जुनी आहेत. तिने स्वतःच्या लॅपटॉपवर पण केलं होतं. मग सांगितलं, व्हर्जनचा फरक असतो. शेवटी विचारलं, जर्नलमध्ये आउटपुट दिलंय ना, पाच नावांचं?
"ते पेन्सिलीनं लिहिलंय की सर."
बोलण्याची पद्धत बघा. चिडलो नाही. फक्त आवाज चढला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
तिने म्हणे चूक शोधली. नवीन नाव जुन्याला जोडणारी एक ओळ राहिली आहे. पान अकरावर ती ओळ मधेच पेन्सिलीने घुसवून जर्नल सहीला आणलं. सही केली नाही. बासष्ट जर्नलं सारखी पाहिजेत. एकात जास्तीची ओळ दिसली की परीक्षकाला शंका येते.
हा मोटिव्हेशनचाच प्रश्न आहे. पोरांना उतरवून घ्यायचासुद्धा कंटाळा.

१२ मार्च, बुधवार.
दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये तेरा-चौदा पोरं बुद्धप्रियाच्या मशीनभोवती घोळका करून. डबे उघडे, कीबोर्डवर शेंगाचटणी, आरडाओरडा. एक तर हसत होता. प्रोग्रामिंगमध्ये हसण्यासारखं काय आहे? बाहेर काढलं. एक ते दोन लॅबला कुलूप.

१३ मार्च.
घोळका कॅन्टीनच्या पायऱ्यांवर. एकच लॅपटॉप. बसू दे उन्हात.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ६.
पान अकरा घरी एकदा चालवून बघावं म्हटलं. म्हणजे शंका नाही, सहज. लॅपटॉप अपडेट व्हायला लागला. अकरा टक्क्यांवर अडकला. नशिबाची साथ असली की अशी असते. झाकण मिटून ठेवलं.
नोट्स काढल्या. २०१४ साली माझ्याच हाताने उतरवलेल्या. कुठून उतरवल्या ते आठवत नाही. ओळ राहिली असेल असं वाटत नाही. चहा दोनदा गार झाला. बायको म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, ऊन.

१६ एप्रिल, बुधवार.
प्रॅक्टिकलला सहा दिवस. बुद्धप्रियाला बोलावलं. ती ओळ खोड, नाहीतर सही नाही. सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. तिने माझ्यासमोर रबर काढून ओळ खोडली, कागदावरचा चुरा फुंकला, जर्नल पुढे केलं. सही केली. खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार. सायंकाळी ६.
सकाळी देव पावला असं वाटलं. परीक्षक म्हणून आरजू शेख. टेंभुर्णीकडच्या एका कॉलेजात शिकवते. माझीच विद्यार्थिनी, पहिल्या बॅचची. मला बघून उठून उभी राहिली. हत्तुरे सरांना दोनदा सांगितलं, आमचीच.
आरजूने जर्नलांचा गठ्ठा बाजूला सारला. पोरांना म्हणाली, पान अकरा, टाइप करा आणि चालवून दाखवा.
बासष्टपैकी चौदा जणांचा चालला. कॅन्टीनच्या पायऱ्यांवरचे चौदा. बाकी अठ्ठेचाळीस स्क्रीनवरच्या एका नावाकडे बघत बसले. हत्तुरे सर माझ्याकडे बघत होते. मी पंख्याकडे.
मग आरजूने बुद्धप्रियाचं जर्नल उघडलं. विचारलं, इथे ओळ होती, ती का खोडली? बुद्धप्रियाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली,
"सगळ्यांची जर्नलं सारखी पायजेत म्हणून, मॅडम. प्रोग्राम सरांचाच हाय. एक ओळ तेवढी राहिली होती."
तिने माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. यापेक्षा बरं झालं असतं.
निघताना आरजू व्हरांड्यात थांबली. हळूच बोलली, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये असं.
"सर, आमच्या वेळेलाही एकच नाव यायचं. मी विचारायला आले होते. तुम्ही म्हणालात, आधी जर्नल पूर्ण कर."
मला आठवत नाही. हेच लागलं. एकदाही आठवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार.
रिपोर्ट फाइलला लागला. मे महिन्यात माझा पर्मनंटचा इंटरव्ह्यू नाही. जूनला ऑर्डर मिळेल, बहुतेक. हत्तुरे सर 'बहुतेक' म्हणाले तेव्हा दुसरीकडे बघत होते.
अठ्ठेचाळीस जणांची फेरपरीक्षा. त्यांचा जादा तास सोमवारपासून बुद्धप्रिया घेणार. मी देखरेखीला.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी १.
तिसरा दिवस. मागे स्टुलावर बसून देखरेख. ती शिकवताना खुर्चीवर बसत नाही, मशीनमशीनला जाते. कोणाचं चुकलं की म्हणते, वा, आता गंमत येईल. आणि पोरं खरंच पुढे सरकून बघतात.
पाऊण वाजता माझ्याजवळ आली. म्हणाली, सर, कडेचं मशीन रिकामं हाय. एवढंच. पुढच्या बाकाकडे निघूनसुद्धा गेली.
नोट्स पिशवीतच ठेवल्या. टाइप केलं. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा चाललं. पाच नावं, एकाखाली एक. छातीत धडधडत होतं, खरंच. कोणाला तरी दाखवावं म्हणून मान वर केली.
कोणी बघत नव्हतं. त्यांचं सोमवारीच चाललं होतं. सगळे पान बारावर होते.