माझ्या देहावर युनियनचा झेंडा नको

मी, पेचियम्मा वेलायुदम, वय एकाहत्तर, धंदा चहाची पाने खुडणे (आता निवृत्त), राहणार वरची चाळ, हॅटनजवळचा चहामळा, श्रीलंका, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. ज्या खोलीत मी जन्मले आणि संसार केला, ती कंपनीची असल्याने कोणालाही देता येत नाही. युनियनचे थोरले पुढारी दर निवडणुकीत ती आमच्या नावावर करून देणार होते. म्हणून या कलमात देण्यासारखे काही नाही. तरीही ते गाळू नये.

२. माझा भविष्यनिर्वाह निधी व नाकातली चमकी मुलगी वासुगीला. ती कोलंबोत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. गाय मात्र शेजारीण कामाच्चीला. कारण पुढे आहे.

३. माझा धाकटा भाऊ सदासिवम, युनियनचा जिल्हा सचिव, याला काहीही नाही.

पुढारी उपमंत्री झाले, त्याच महिन्यात युनियनने कंपनीशी करार करून रोज खुडायच्या पानांचे वजन वाढवून दिले. वर्गणी भरणाऱ्या बहुतेक बायका, सही करणारे सगळे पुरुष. मी महिला शाखेची प्रमुख होते, म्हणजे हार घालायचे आणि सभेला बायका लॉरीत भरून आणायच्या. करार जाहीर करण्याच्या सभेत मी उठून पुढाऱ्यांना विचारले, "साहेब, पानं आम्ही खुडतो. मग वजन ठरवताना आम्हाला का नाही विचारलं?"

सदासिवमने माझ्या हातातून माईक काढून घेतला. सगळ्यांदेखत म्हणाला, "अक्का, घरी जा. राजकारण तुला कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका उतारावर रिकाम्या टोपल्या घेऊन बसलो. आमच्याच युनियनने संप बेकायदा ठरवला. कंपनीने मजुरी थांबवली. सदासिवम चाळीचाळीतून फिरून नवऱ्यांना सांगत होता, बायकांना आवरा. माझे कैलासवासी यजमान कधी चुलीपुढे बसले नव्हते. त्यांनी मारियम्मनच्या देवळापुढे सगळ्यांसाठी रोट्या भाजल्या.

शेवटी मॅनेजरने निरोप धाडला, बोलणी करू, पण युनियनला घेऊन या. कामाच्ची म्हणाली, "युनियनच आलीय. खुर्च्या मांडा." वजन पूर्ववत झाले. पेपरात विजयी वीर म्हणून फोटो छापला पुढाऱ्यांचा. कामाच्चीला कंपनीने उद्धट म्हणून कामावरून काढले, आणि युनियनने तिची बाजू घ्यायचे नाकारले. गाय तिला देण्याचे कारण एवढेच.

४. सभासद मेला की युनियन त्याच्यावर झेंडा घालते आणि पुढारी भाषण करतात. माझ्या बाबतीत दोन्ही होऊ नये. जिवंतपणी ज्यांनी मला बोलू दिले नाही, त्यांनी मी मेल्यावर माझ्या वतीने बोलू नये.

हे ऐकून सदासिवम गेल्या आठवड्यात आला. म्हणाला, "झेंडा नसेल तर लोक मला काय म्हणतील, अक्का?"

मी म्हटले, "खरं तेच म्हणतील."

तो जायला उठला. मग खाली बघत म्हणाला, "खांदा तरी देऊ ना?"

त्याचे उत्तर इथे देते. भाऊ म्हणून यावे, सचिव म्हणून येऊ नये. तिरडी बायका उचलतील. पुढे कामाच्ची असेल. त्याने मागचा खांदा द्यावा आणि तिच्या चालीने चालावे.

स्थळ : वरची चाळ. दिनांक : ९ मार्च २०१९.

सही : पेचियम्मा वेलायुदम

नोटरी केलेले नाही, म्हणून पाच साक्षीदार, सगळ्या पाने खुडणाऱ्या : अंजलै, रासम्मा, पुष्पवल्ली, सिवनेसम, तंगम्मा. पाचही जणींनी हे वाचून घेऊन, माझ्यासमोर, एकत्र सह्या केल्या आहेत.